काचेच्या नळ्या धुणारी मुलगी

मी विमानात चढले तेव्हा बारा वर्षांची होते आणि उतरले तेव्हा पंधरा वर्षांची. मधली तीन वर्षं माझ्या बापानं कागदावर खाल्ली. खाडाखोड करायचीही गरज पडली नाही, कारण आधी कुठं काही लिहिलेलंच नव्हतं. आमच्या गावात, वर्ध्याकडे, पोरगी जन्मली म्हणून कोणी कचेरीत जात नसे. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी माझ्याकडे एकदा बघून अंदाजानं तारीख टाकली होती, पण चौथी पास झाल्याचा तो दाखला बापानं पुढं केलाच नाही. तो तेव्हा चार वर्षांपासून इंग्लंडमध्ये, लेस्टरला होता. त्यानं तिथून पत्र लिहिलं, मामानं तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, आणि मी पंधरा वर्षांची झाले. चौथीच्या पुढं मी कधी शाळेत बसले नाही. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे माझ्या लिहिण्यात कोणी फार काही शोधायला जाणार नाही.

माझं वय वाढवायचं कारण माझी आई. बापाला तिला मोज्यांच्या फॅक्टरीत लावायचं होतं, जागा तयार होती, पण आई एकटी जायला तयार नव्हती. गावात ती शेतावर जायची ती दहा बायांच्या घोळक्यात. इथं तिला बसमध्ये बसता येत नव्हतं, तिकीट मागता येत नव्हतं, संडासाच्या दारावरची अक्षरं कळत नव्हती. तिच्याबरोबर कोणीतरी घरचं पाहिजे होतं, आणि घरची मी एकटीच होते. बारा वर्षांच्या पोरीला इथला कायदा शाळेत घालतो, पंधरा वर्षांच्या पोरीला विचारत नाही. बापानं मला विमानतळावरच सांगितलं, “एक वर्ष जाऊ दे. तुझी माय रुळली का वय दुरुस्त करून घेऊ. मंग तुले शाळेत घालतो.” तो मला फसवत होता असं मला वाटत नाही. त्याच्या डोक्यात गावाकडची कचेरी होती. तिथं तारीख चुकली तर दोन साक्षीदार घेऊन जायचं, शिक्का मारून आणायचा, झालं. इथं एकदा दिलेली तारीख आपण होऊन चुकीची म्हणायची तर आधी आपण खोटं बोललो हे कबूल करावं लागतं, हे त्याला आम्ही आल्यावर चार-सहा महिन्यांनी कोणीतरी सांगितलं. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

घर एका लांबलचक रांगेतलं होतं, सगळी घरं सारखी, काळपट विटांची. खाली देवराव काका आणि काकू राहायचे, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. देवराव काका आमच्याच भागातले, बापाबरोबर फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात कामाला. थंडीत घासलेटचा हीटर जिन्यात ठेवलेला असे आणि त्याचा वास कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा लागे. ज्वारीचं पीठ मिळत नव्हतं. आई तांदळाच्या पिठाची भाकरी करायची, तीही तवा नाही म्हणून तळणीच्या उलट्या बाजूवर. ती भाकरी उचलायला गेलं की मोडायची आणि आई रोज त्या पिठाला शिव्या द्यायची. मिरच्या भाजल्या की शेजारची म्हातारी भिंतीवर ठोकायची. बोंबील भाजले की ती अंगणात येऊन उभी राहायची. सकाळी दुधाच्या बाटल्यांचा आवाज, मग फॅक्टरीचा भोंगा, आणि नऊच्या सुमारास शाळेची घंटा. शाळा आमच्या फॅक्टरीच्या मागंच होती. मी बसायचे त्या बाकाच्या वर एक खिडकी होती, तिची काच कधी कोणी धुतली नव्हती. पोरी दिसायच्या नाहीत, नुसत्या ऐकू यायच्या.

आई मोज्यांची बोटं शिवायच्या मशीनवर होती. माझं काम जोड्या लावण्याचं. टेबलावर ढीग ओततात, त्यातून सारख्या लांबीचे, सारख्या रंगाचे दोन मोजे काढून जोडायचे. ऐकायला सोपं आहे. करड्या रंगाच्या ढिगात दोन मोजे कधीच अगदी सारखे नसतात, आणि दुपारनंतर डोळ्यांना सगळेच सारखे दिसायला लागतात. आई मला घरून लुगडं नेसवून, अंबाडा घालून न्यायची. रस्त्यात सांगत राहायची, “हळू चाल. उड्या मारू नको. बाईमानसावानी चाल.” पहिल्या दिवशी आमची सुपरवायझर मॉरीन माझ्याकडे बघून काहीतरी बोलली आणि सगळ्या गोऱ्या बाया हसल्या. देवराव काकूही तिथं कामाला होती, पण दुपारचे तीन तासच यायची; तिनं मला सांगितलं, “ते म्हनते, इंडियात पंधराची पोरगी एवढीशीच असते काय? मंग दहाची तर दिसतच नसन.” दुसऱ्या टेबलावर आपल्याकडच्याच इतर जातींच्या बाया बसायच्या. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि त्यानंतर आमच्या डब्यातलं कधी घेतलं नाही. मला पाळी फॅक्टरीतच आली. काकूनं मशीन पुसायच्या चिंध्यांतली एक दिली. आई म्हणाली, “बरं झालं, आता खरी वाटशील.”

रविवारी खालच्या खोलीत बापाची सभा असायची. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक बुद्धाची आणि दुसरी सुटाबुटातली, हातात पुस्तक धरलेली. तिच्यात कोण, हे आमच्या माणसाला सांगावं लागत नाही. लेस्टरमधली आणि आसपासची आमची चार-पाच घरं जमायची. बाप बूट चकचकीत करून, टाय लावून उभा राहायचा आणि शिक्षणावर बोलायचा. चांगलं बोलायचा, हे मी नाकारणार नाही. सातवी झालेला होता, इंग्रजी वाचायचा, थांबत थांबत पण वाचायचा. आमच्या समाजातल्या पोरी शिकल्या पाहिजेत असं तो म्हणायचा तेव्हा मी चहाचे कप फिरवत असायचे. कोणी माझ्याकडे बघायचं नाही. सगळ्यांना माझं खरं वय माहीत होतं.

पिक्चरची गोष्ट आम्ही आल्यावर वर्षभरानं झाली. फाउंड्रीत युनियनचा एक माणूस होता, जॉर्ज, टकला, एक बोट मशीनमध्ये गेलेलं. त्यांच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी रशियाचे जुने पिक्चर दाखवायचे. त्यानं बापाला एक कागद दिला आणि म्हणाला, हा नक्की बघा, एका शास्त्रज्ञाचा आहे आणि यात तुमची माणसं आहेत. बाप दोन दिवस तेच बोलत होता.

“आपली मानसं? रशियात?” देवराव काका म्हणाले.

“जॉर्ज म्हनते न.”

“जॉर्जले तू आन तो पाकिस्तानी एकच वाटते.”

तरी आम्ही अकरा जण गेलो. आईनं लग्नातलं लुगडं काढलं. हॉलमध्ये लाकडी खुर्च्या, चहाची टाकी, आणि भिंतीवर पांढरी चादर ताणलेली. पिक्चर मुका होता. माणसं तोंड हलवायची आणि मग काळी पाटी यायची, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी. आमच्यात ते वाचणारा एकटा बाप. तो पहिली पाटी मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लागला आणि पुढचे लोक वळून श्श करायला लागले. जॉर्जनं येऊन आम्हाला सगळ्यात मागच्या रांगेत नेलं आणि बापाला म्हणाला, इथं हळू आवाजात सांग. मग बाप आमच्या मागं उभा राहिला आणि वाकून, आमच्या डोक्यांवरून, सगळा पिक्चर सांगत गेला. त्याच्या तोंडाला विडीचा वास यायचा. अजून मला तो पिक्चर म्हटलं की आधी तो वास येतो.

टोकदार दाढीचा एक शास्त्रज्ञ मॉस्कोत राहतो. लांब पूर्वेकडे, नुसतं गवत असलेल्या प्रदेशात कसलातरी ताप पसरतो, माणसं मरतात. तो पेटी, सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्या घेऊन आगगाडीनं निघतो. मग ती माणसं आली पडद्यावर. केसाळ टोप्या, वर आलेली गालाची हाडं, बारीक डोळे.

“हे तर नेपाळी दिसते बे,” देवराव काका म्हणाले.

“गोरे आहेत काय?” बाप म्हणाला.

“नाई.”

“मंग आपलेच.”

कोणी हसलं नाही. त्यानंतर ती आमचीच माणसं होती. अंगावर जरीचा झगा घातलेला एक जाडा माणूस होता, तो बाप म्हणाला गावचा पाटील. विहिरीवर माणसं उभी होती आणि शिपाई त्यांना हाकलत होते. बाप म्हणाला, ह्या लोकांना विहिरीवर येऊ देत नाहीत. आईनं तोंडानं चक् केलं. काकू म्हणाली, “तिथंही आहेच काय वं.” आणि मग ती आली. दोन वेण्यांची मुलगी, माझ्याच वयाची, म्हणजे खऱ्या वयाची. ती शास्त्रज्ञाच्या काचेच्या नळ्या नदीवर नेऊन धुते. बाजूला एक घोडा पाणी पीत असतो. ती एक नळी उन्हात धरते आणि तिच्यातून बघते. मला अजून ते दिसतं. बाप म्हणाला, तिचं नाव सोना. ती शास्त्रज्ञाला म्हणते, मला पण शिकवा. तो म्हणतो, शिकवतो.

मग ती आजारी पडली. चटईवर पडली होती, शास्त्रज्ञ तिच्या बोटाला टोचून रक्त घेत होता, सूक्ष्मदर्शकातून बघत होता, केस ओढत होता. बाप जरा वेळ काही बोललाच नाही. पाटी आली आणि गेली. आईनं मागं वळून विचारलं, “मेली काय?” बाप म्हणाला, “नाई, नाई. तिच्याच रक्तात औषध सापडलं. बरी झाली.” मग गवताचा प्रदेश, घोडे, लोकांची गर्दी, टोप्या उडवणारी, आणि आगगाडी परत मॉस्कोकडे. शेवटी एका मोठ्या खोलीत एक बाई सूक्ष्मदर्शकावर वाकलेली, तिचा चेहरा दिसत नाही, नुसते केस आणि पांढरा कोट. “हे कोन?” आईनं विचारलं. बाप म्हणाला, “सोनाच. मोठी झाली. शास्त्रज्ञ झाली.” देवराव काकांनी डोळे पुसले. आई घरी येऊन लुगडं न बदलता बापाला म्हणाली, “अहो, पोरीले शाळेत घाला न आता. वरीस झालं.” बाप म्हणाला, “पाहू.”

मी त्या ‘पाहू’वर थांबले नाही. चार दिवस जोड्या लावताना ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. नळ्या धुणारीला शिकवतात तर मोजे जोडणारीला का नाही, असा माझा सरळ हिशेब होता. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आईला संडासला जाते म्हणून सांगितलं आणि मागच्या फाटकातून शाळेत गेले. अंगात फॅक्टरीचा झगा, खाली लुगडं. मैदानात हिरव्या कोटातली एक मास्तरीण गळ्यात शिट्टी घालून उभी होती. मी तिला म्हणाले, मी सोळाची नाही, मी तेराची आहे, मला शाळा पाहिजे. एवढंच इंग्रजी मी चार दिवस पाठ केलं होतं. तिनं मला आत नेलं, एका लहान खुर्चीवर बसवलं, कागद दिला. नाव लिही म्हणाली, ते मी मराठीत लिहिलं. मग तिनं गणितं घातली. बेरजा, वजाबाक्या, गुणाकार, एक भागाकार. मी सगळी केली. तिनं लाल पेन्सिलीनं प्रत्येकावर बरोबरची खूण केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुठं राहतेस, तिनं विचारलं. मी सांगितलं. फॅक्टरीत परत गेले तेव्हा मॉरीननं आरडाओरडा केला. मला काही वाटलं नाही. त्या दुपारी मी लावलेल्या जोड्यांतली एकही परत आली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मास्तरीण घरी आली. हिरवा कोट दारात बघून देवराव काकू धावत वर आली, “कोनी गोरी आली वं, पोलिसाची असन.” बापानं तिला खालच्या खोलीत, तसबिरींच्या खाली बसवलं. मला चहा करायला सांगितला. मी कप घेऊन आले तेव्हा तिच्या मांडीवर माझा गणिताचा कागद होता आणि बाप वरून पासपोर्ट घेऊन येत होता. त्यानं तो उघडून तिच्यापुढं धरला. माझी सोळा पुरी झाली आहेत असं म्हणाला. तिनं गणिताचा कागद वर केला, काहीतरी विचारलं. बाप हसला. त्याचं ते हसू मी आधी पाहिलं नव्हतं, फाउंड्रीत साहेबापुढं हसत असेल तसलं. मग त्यानं माझ्याकडे न बघता स्वतःच्या कपाळाच्या बाजूला बोट लावलं आणि म्हणाला, शी इज सिम्पल. तो शब्द मला माहीत होता. फॅक्टरीत झाडू मारणाऱ्या एका बाईला मॉरीन तेच म्हणायची, आणि ती बाई खुळी होती.

मास्तरणीनं पासपोर्ट बघितला, कागद बघितला, मला बघितलं. एका हातात सरकारी शिक्का आणि दुसऱ्या हातात चौथीच्या पोरीचा भागाकार. तिनं मी केलेला चहा संपवला. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि गेली. ती वाईट बाई नव्हती. तिनं शिक्क्यावर विश्वास ठेवला, बहुतेक माणसं ठेवतात.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाप तिच्याकडे वळला. “कागद खोटा निघाला तर तिघांलेही परत पाठवतीन. आन हे शाळेत गेली तर उद्यापासून फॅक्टरीत तू एकटी जाशीन? सांग. जाशीन?”

मी आईकडे बघत होते. ती म्हणाली असती जाईन, तर काय झालं असतं मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण ती खाली बघत होती. मग म्हणाली, “नाई जमनार मले.”

मी बापाला विचारलं, “मंग ते सोना कशी शिकली?”

“ते पिक्चर होतं,” बाप म्हणाला आणि पासपोर्ट परत पेटीत ठेवायला वर गेला.

आता पुढचं फार सांगण्यासारखं नाही. मी त्या फॅक्टरीत अकरा वर्षं जोड्या लावल्या, मग लग्न, मग मुलगा. मुलगा शिकला, त्याच्या शिकण्याला कुठला कागद आडवा आला नाही. बाप म्हातारा होऊन गेला, शेवटपर्यंत सभेत बोलायचा. आई त्याच्या आधी गेली. मी दोघांचंही केलं. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती ती इथं सांगते. ह्या साऱ्या वर्षांत बापाचा राग उसळला, आईचा उसळला, स्वतःचा उसळला, की मी मनात म्हणायचे, निदान ती तरी सुटली. नळ्या धुणारी. तिचा कोणी बाप नव्हता तिच्या कपाळाला बोट लावणारा. पिक्चर खोटा असतो हे मला कळत होतं, मी खुळी नाही. तरी कुठंतरी कोणीतरी बसून विचार केला होता की ही पोरगी शिकली पाहिजे, आणि तसं दाखवलं होतं. तेवढ्यावर मी साठ वर्षं काढली. ह्यापेक्षा कमीवरही लोक काढतात.

मी आता लंडनजवळ मेडनहेडला मुलाकडे राहते. मुलगा आणि सून सकाळी जवळच्या रीडिंग शहरात ऑफिसला जातात, नात मित्रा तिथंच युनिव्हर्सिटीत सिनेमा शिकते. ह्या हिवाळ्यात एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली, कारण माझ्या खोलीतला रेडिएटर चांगला चालतो.

“आजी, तू हा फिल्म बघतेस का माझ्याबरोबर? माझा असाइनमेंट आहे. डायव्हर्सिटी अँड रिप्रेझेंटेशन.”

“त्यात काय असतं?”

“म्हणजे स्क्रीनवर कोण दिसतं, कोण नाही दिसत. कोणाला नेम आहे, कोण फक्त क्राउडमध्ये आहे, असं.”

मी मोजे दुरुस्त करत होते, अर्धं लक्ष. मग नदी आली, घोडा पाणी पिताना आला आणि माझ्या हातातली सुई थांबली. मी म्हणाले, “ही सोना. आता ही नळी उन्हात धरेल.” तिनं धरली.

मित्रा किंचाळलीच. “तू बघितलीय ही? ही तर कोणालाच माहीत नाही!”

मी तिला सगळं सांगितलं. पाटील, विहीर, सोना, मॉस्को. ती फिल्म थांबवून ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटलं थंडी वाजतेय. मग ती म्हणाली, “आजी, विहीर डिसीजमुळे बंद केलीय. कार्डवर, म्हणजे त्या पाटीवर, तेच आहे. आणि तो पाटील आहे ना, तो रशियन अॅक्टर आहे. मेकअप करून डोळे तसे केलेत. फक्त त्याचं नाव आहे अॅक्टर्सच्या लिस्टमध्ये. बाकीचे जे खरे तिथले लोक आहेत ना, त्यांचा कोणाचाच नाव नाही.”

“आणि सोना?”

“सोना नाही ना. तिला नावच नाही. लिस्टमध्ये आहे फक्त ‘मुलगी’. ती काही बोलत पण नाही. तिचा एकपण कार्ड नाहीये.”

“शेवटी मॉस्कोत जाते ती.”

मित्रानं माझा हात धरला. हल्लीच्या पोरी काही वाईट सांगायचं असलं की आधी हात धरतात. “ती शेवटची बाई शास्त्रज्ञाची बायको आहे, आजी. तिचा आधी एक सीन आहे. सेम केस.”

आम्ही पुढचं बघितलं. चटई आली, बोटाला टोचणं आलं, पाटी आली. मी इंग्रजी अक्षरं फॅक्टरीतल्या खोक्यांवरून शिकले, पण शिकले. मी ती पाटी वाचली. मग गर्दीनं टोप्या उडवल्या, शास्त्रज्ञाला खांद्यावर घेतलं. तिला पुरलेलंसुद्धा दाखवलं नाही.

मित्रा माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. “पणजोबांनी तुला होप दिला, आजी. दे चेंज्ड द होल स्टोरी फॉर यू. इट्स सो ब्यूटिफुल. मी हे माझ्या निबंधात टाकू?”

मी तिला म्हणाले, “ब्यूटिफुल नाही. तू लिहायचं असेल तर नीट लिही. त्यानं पाटी वाचली होती. ती पोरगी मेली हे त्याला माहीत होतं. रविवारी त्यानं मला सांगितलं ती शास्त्रज्ञ झाली आणि शुक्रवारी मास्तरणीला सांगितलं मी खुळी आहे. दोन्ही त्याच तोंडानं.”

“पण का मग? ते असं का बोलले?”

मला माहीत नाही. मी पुष्कळ विचार केला त्यानंतर. तो मला सांगतच नव्हता बहुतेक. आमच्या डोक्यांवरून वाकून तो देवराव काकांना सांगत होता, त्या अकरा माणसांना, किंवा स्वतःलाच, एखाद्या सभेसारखं. मी मधे बसले होते म्हणून ऐकलं आणि खरं धरलं. ही माझी चूक. आणि त्यानं आईला पाटीवरचं खरं सांगितलं असतं, तर त्या दिवशी आईनं शाळेचं नाव काढलं नसतं, मी मास्तरणीकडे गेले नसते, आणि माझ्या बापानं माझ्या देखत मला खुळी म्हटलेलं मला ऐकावं लागलं नसतं. मी शिकले नसतेच. पण ते एक ऐकावं लागलं नसतं.

दोन दिवसांनी मित्रा एक फॉर्म घेऊन आली. माझं बोलणं निबंधात घ्यायचं तर युनिव्हर्सिटीला माझी परवानगी लागते. नाव, जन्मतारीख, सही. तिनं पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “डेट ऑफ बर्थ कुठला टाकायचा? खरा की पासपोर्टवाला?”

“पासपोर्टवाला. दुसऱ्याला कागद नाही.”

मी ती तारीख टाकली. डॉक्टरकडे, बँकेत, सगळीकडे मी तीन वर्षांनी मोठी आहे, मरेन तेव्हाही तीन वर्षं जास्त जगून मरेन. मी सही केली आणि तिला म्हणाले, जरा तो पिक्चर लाव आणि तू खाली जाऊन जेव. चटईपर्यंत ने आणि थांबव. तिनं तसं केलं. घरात आम्ही दोघीच होतो, खाली तिच्या भांड्यांचा आवाज येत होता.

मी चष्मा लावला आणि पाटीवरचं मोठ्यानं वाचलं, मराठीत, जसं होतं तसं, बापानं मागं उभं राहून वाचायला पाहिजे होतं तसं. मुलगी पहाटे मेली. तिच्या रक्तात उत्तर सापडलं. एवढंच होतं. लहान पाटी होती, सांगायला काही वेळ लागला नसता. मी ती पुन्हा एकदा वाचली, आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि लॅपटॉप बंद केला.